होडीवरचे तीन दिवे

(बेंगळुरू येथील मराठी रेल्वे व पोस्ट कर्मचाऱ्यांच्या स्नेहमेळाव्यात युनियनच्या सेक्रेटरींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी माईकसमोर आला म्हणजे महागाई भत्ता किंवा पेन्शन यावर बोलणार, असे तुम्ही धरून चालला असाल. ते विषय दुपारच्या सत्रात आहेत. मला दिलेल्या अर्ध्या तासात मी होडीवरच्या दिव्यांबद्दल बोलणार आहे. मागे कुणीतरी हसले. बेंगळुरूत समुद्र कुठला, हलसूरच्या तळ्यात होड्या फिरवायच्या आहेत काय, असे त्यांना वाटले असणार. पण या सभागृहात मालवण, देवगड, वेंगुर्ले, रत्नागिरी आणि कारवारकडचे किती जण आहेत, हात वर करा पाहू. बघा, निम्म्याहून जास्त. आपण इकडे रुळांवर आणि टपालाच्या थैल्यांत आयुष्य काढतो, आणि रिटायर झाल्यावर फंडाचा पैसा घेऊन परत खाडीकाठी जातो. हल्ली तिकडे पर्यटक येतात. मुलगा म्हणतो, बाबा, एक फायबरची होडी घेऊ, मागे इंजिन लावू, चार पैसे सुटतील.

आपल्या आरएमएसमधल्या एका रिटायर साथींनी असेच केले. त्यांचे नाव घेत नाही, ते इथेच बसले आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच बोलतो आहे. साडेसहा मीटरची होडी, नवे इंजिन, नवी लाइफ जॅकेटे, वर छान निळे छत. दिवे मात्र नाहीत. विकणाऱ्याने विचारले होते, दिवे बसवून देऊ का? हे म्हणाले, कशाला, दिवसाच तर चालवायची आहे. जानेवारीत एका संध्याकाळी पाच वाजता इंजिन बंद पडले. प्लग काढा, पुसा, पुन्हा ओढा, यात सूर्य बुडाला. इंजिन चालू झाले तेव्हा मिट्ट काळोख. मुलगा सुकाणूवर, होडीत चार पाहुणे, आणि पुढे बसलेला एक पाहुणा मोबाइलची बॅटरी हलवतो आहे. खाडीच्या तोंडाशी बाहेर निघालेली एक मासेमारी लाँच हातावर येईपर्यंत त्यांना दिसली नाही, आणि लाँचवाल्यांना तर हे दिसलेच नाहीत. आरडाओरडा ऐकून तांडेलाने सुकाणू फिरवले म्हणून सगळे घरी पोचले. त्यांनी मला फोन करून सांगितले, सेक्रेटरीसाहेब, मेळाव्यात हे सांगा.

मी हे दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवून सांगतो आहे असे समजू नका. १९८८ साली मी अठरा वर्षांचा होतो. मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, रेल्वेच्या भरतीच्या पत्राची वाट पाहत. मामांबरोबर रात्री वल्ह्याच्या होडीतून जाळे लावायला जायचो. होडीत कंदील असायचा, पण मामा तो बारीक करून फळीखाली ठेवायचे. रॉकेल रेशनचे, ते पुरवायचे असे. एका रात्री मागून एक ट्रॉलर आला. त्याचे सगळे दिवे लागलेले होते, आम्हाला तो लांबून दिसतही होता. मामा म्हणाले, तो आपल्याला बघेल. कशाने बघेल? मी कंदील वर काढेपर्यंत त्याच्या धक्क्याने आमची होडी उलटली. मी पोहत राहिलो. मामांचा उजवा हात दोन होड्यांच्या मध्ये चेंगरला. हात राहिला, पण पुढे त्या हाताने त्यांना वल्हे धरता आले नाही. ट्रॉलरवाल्यांनीच आम्हाला बाहेर काढले आणि दवाखान्यात पोचवले. दोष आमचाच होता. मामा गेले तोपर्यंत मी हे कुणापाशी बोललो नव्हतो.

आता कामाचे बोलू. तुम्ही रेल्वेची माणसे, तुम्हाला दिव्यांची भाषा शिकवायला नको. शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा पाहिल्याशिवाय स्टेशन मास्तर गाडी पूर्ण आली असे मानत नाही. समुद्रातही तशीच भाषा आहे आणि ती सगळ्या जगात एकच आहे. १९७२ साली आंतरराष्ट्रीय परिषदेत टक्कर टाळण्याचे नियम ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून ते लागू झाले. मोठ्या जहाजापासून आपल्या होडीपर्यंत सगळे त्यांत येतात. दिवे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत लावायचे, आणि धुके किंवा जोराचा पाऊस असेल तर दिवसासुद्धा.

होडीच्या नाळेकडे तोंड करून उभे राहा. डाव्या हाताला लाल दिवा, उजव्या हाताला हिरवा. प्रत्येक दिवा थेट समोरपासून आपल्या बाजूला साडेबावीस अंश मागेपर्यंत, म्हणजे एकूण ११२.५ अंशात दिसला पाहिजे. इंजिनाच्या होडीला वर एक पांढरा दिवा असतो, तो समोरून दोन्ही बाजूंना मिळून २२५ अंशात दिसतो. मागे दुसरा पांढरा, त्याला उरलेले १३५ अंश. बेरीज करा, ३६० झाले. म्हणजे कुठूनही बघा, काही ना काही दिसणारच. होडी १२ मीटरपेक्षा लहान असेल तर सवलत आहे: दोन पांढऱ्यांऐवजी चोहोबाजूंनी दिसणारा एकच पांढरा दिवा चालतो, सोबत लाल आणि हिरवा. होडी सात मीटरच्या आत असून ताशी सात सागरी मैलांपेक्षा जास्त पळतच नसेल, तर तो एकटा पांढरा दिवाही नियमाला पुरतो, पण शक्य असेल तर लाल-हिरवा लावा असे नियमच सांगतो. आपल्या साथींची होडी साडेसहा मीटरची असली तरी इंजिन जोरदार आहे, त्यांना तिन्ही दिवे हवेतच. वल्ह्याच्या होडीला निदान पेटती बत्ती हाताशी हवी, आणि ती टक्कर टळेल इतक्या आधी दाखवायची. फळीखाली नाही.

लाल कोणत्या बाजूला आणि हिरवा कोणत्या, हे उगाच ठरवलेले नाही. समजा तुम्ही सुकाणूवर आहात आणि दुसरी इंजिनाची होडी उजवीकडून तुम्हाला आडवी येते आहे. तिची डावी बाजू तुमच्याकडे, म्हणजे तुम्हाला लाल दिवा दिसतो. लाल, म्हणजे वाट तुम्ही द्यायची. वेग कमी करा किंवा उजवीकडे वळून तिच्या मागून जा. ती डावीकडून आली तर तुम्हाला हिरवा दिसतो. म्हणजे तुम्ही आपल्या मार्गाने, त्याच वेगाने जायचे. पण डोळे मिटून नाही, समोरचा चुकतो आहे असे दिसले तर आपणच टाळायचे. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ती नाकासमोर येते आहे, दोघांनीही उजवीकडे वळायचे. नुसता पांढरा दिसला तर ती कुणाची तरी पाठ असेल किंवा नांगरलेली होडी असेल, वेग कमी करा. मला हे पहिल्यांदा समजले तेव्हा वाटले, आपल्याच सिग्नलच्या खांबावरून उतरवून घेतले की काय! पांढऱ्यावर हिरवा दिसला तर ट्रॉल ओढणारा, पांढऱ्यावर लाल दिसला तर दुसरे जाळे टाकलेला. दोघांपासूनही लांब राहा, जाळे इंजिनच्या पंख्यात गुंतले तर रात्र तिथेच.

दिवे विकत घेणे सोपे आहे, बसवताना चूक होते. नाळेकडे होडीचा काठ आत वळतो. मिस्त्री त्याच उतारावर दिवा ठोकतो, आणि मग हिरवा दिवा भलतीकडे बघतो. दिव्याचे तोंड होडीच्या कण्याला समांतर यावे म्हणून खाली लाकडाची पाचर द्यावी लागते. पांढरा दिवा लाल-हिरव्याच्या वर निदान एक मीटर हवा, आणि छताच्या वर हवा. छताखाली लावलेला दिवा पाहुणे उभे राहिले की झाकतो आणि सुकाणूवाल्याच्या डोळ्यांत जातो. छताच्या वर लावूनही उजेड खाली येत असेल तर दिव्याखाली काळी तबकडी बसवा. मग पाण्यात जाण्याआधी, अंधार पडल्यावर वाळूतच होडी सरळ उभी करा आणि शंभर पावले समोर जाऊन बघा. लाल-हिरवा दोन्ही दिसले पाहिजेत. एका बाजूला सरका, एक दिवा विझल्यासारखा गेला पाहिजे. दोन्ही दिसतच राहिले तर मध्ये काळी आडफळी घाला. तिला फार तर पाव तास लागतो.

वायरिंगबद्दल आपल्या इलेक्ट्रिकल शाखेच्या भावांना मी काय सांगणार, पण बाकीच्यांसाठी सांगतो. बॅटरी १२ व्होल्टची. जुने दहा वॅटचे तीन बल्ब लावले तर अडीच अँपिअर जातात, दहा तासांत २५ अँपिअर-तास. चाळीसची बॅटरी असेल तर ती अर्ध्याहून जास्त रिकामी, आणि सकाळी इंजिनाचा स्टार्टर फिरणार नाही. दोन-दोन वॅटचे एलईडी घेतले तर तेच काम पाच अँपिअर-तासांत होते. पण जुन्या रंगीत काचेत पांढरा एलईडी खोचू नका, हिरवा निळसर दिसतो आणि लाल फिका पडतो. दिवा त्याच कामासाठी बनवलेला घ्या. फ्यूज बॅटरीजवळ, पॉझिटिव्ह तारेवर. तार कथिलाचा मुलामा दिलेली आणि जाड घ्या. जुन्या बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळाले की उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. आणि सांधा होडीच्या तळाशी कधीही देऊ नका. खारे पाणी तांब्याला कसे खाते ते कारवारच्या माणसाने मला विचारू नये. नांगरावरच्या दिव्याचे बटण वेगळे ठेवा.

एक सूचना थोडी कडू आहे. पर्यटकांना आवडतात म्हणून छताला गणपतीच्या मखरासारख्या लाल-हिरव्या माळा लावतात. किनाऱ्यावर शोभा आहे, पाण्यात धोका आहे. खऱ्या दिव्यांशी गल्लत होईल असे दुसरे दिवे लावू नयेत असा नियम आहे. माळ लावायचीच असेल तर धक्क्याला बांधलेल्या होडीवर लावा.

हे सगळे मोठ्या जहाजाच्या बाजूने एकदा बघा. बारा मीटरच्या आतल्या होडीचा लाल किंवा हिरवा दिवा एक सागरी मैलावरून दिसला की नियमाप्रमाणे पुरे, पांढरा दोन मैलांवरून. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. अठरा मैलांच्या वेगाने येणारे जहाज एक मैल तीन मिनिटे वीस सेकंदांत कापते. आपल्या लोको पायलटला सिग्नल उशिरा दिसला तर काय होते ते तुम्ही जाणता, आणि जहाजाला तर ब्रेकही नसतो. १३ एप्रिल २०२१ च्या पहाटे मंगळुरूपासून दूर समुद्रात ‘रबाह’ नावाची बेपूरची मासेमारी बोट आणि ‘एपीएल ले हाव्र’ हे कंटेनर जहाज यांची टक्कर झाली. बोटीवर चौदा जण होते, त्यांतले दोनच वाचले. तिथे दिव्यांची चूक होती असे मी म्हणत नाही. उलट १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली ती भर दिवसा, सगळे दिसत असताना. एवढ्या उजेडात जर असे होते, तर काळोखात बिनदिव्याची होडी कुणाच्या भरवशावर सोडायची?

खर्चाचे विचारणारे विचारतीलच. तीन दिवे, तार, फ्यूज, बटण आणि मिस्त्रीची मजुरी धरून जे होते ते इंजिनाच्या किमतीपुढे किरकोळ आहे. त्या साथींनी ते आता बसवले आहेत, वाळूत उभे राहून तपासलेही आहेत, आणि पहिल्या खेपेला हिरवा दिवा चुकलेला निघाला.

आता बोलणे थांबवतो. आपल्या गार्डसाहेबांकडून एक जुनी तीन रंगांची हातबत्ती मागून आणली आहे, आणि कारवारच्या दोघा भावांनी दोन टेबले होडीसारखी उभी करून त्यांना दिवे बांधले आहेत. दाराजवळच्या साथींनी सभागृहाचे दिवे घालवावेत. पहिल्या दोन रांगांनी उठून भिंतीकडे जावे, आणि कोणाला कोणता रंग दिसतो ते मोठ्याने सांगावे.