अपंग बंदिवान आणि दुसरी शिक्षा

(महोत्सवाच्या सभेंतील भाषण)



आनंदाच्या प्रसंगीं तुरुंगाचा विषय काढला म्हणून आपणांस नवल वाटेल. परंतु बंदिवानांचा समाचार घेणें हें आपल्याकडे दयेचें कृत्य गणलें आहे, आणि बदनापुराहून हर्सूलचें कारागृह कांहीं फार दूर नाहीं.

न्यायाधीश जी शिक्षा देतो ती स्वातंत्र्य हिरावण्याची. ज्याचे हातपाय चालत नाहींत त्याला कारागृहाची इमारत आणखी एक शिक्षा देते. ती कोणत्याहि निकालपत्रांत लिहिलेली नसते. आणि निकाल तरी कितीकांचा लागलेला असतो? २०२२ सालच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें देशांतील दर चार बंद्यांपैकीं सुमारें तीन कच्चे कैदी होते.

येशूसंघाचे फादर स्टॅन स्वामी हे त्यांतलेच. वयाच्या ८३ व्या वर्षीं, ८ ऑक्टोबर २०२० रोजीं, त्यांना रांचीस अटक झाली व तळोजा कारागृहांत ठेवण्यांत आलें. कंपवातानें हात असे थरथरत कीं त्यांना पेला धरवत नसे. नळी व झांकणाचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयांत अर्ज करावा लागला. तपासयंत्रणेनें उत्तराला वीस दिवस मागितले! अशा पेल्याची किंमत ती काय? सोबतचे बंदी त्यांना जेवूं घालीत, अंघोळीस मदत करीत. २१ मे २०२१ रोजीं त्यांनीं उच्च न्यायालयास सांगितलें कीं, आलों तेव्हां आपण स्वतः चालत, जेवत, लिहीत होतों. आतां तें एकेक करून नाहींसें होत आहे. ५ जुलैला मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयांत, खटला उभा राहण्यापूर्वींच, ते निवर्तले.

दुसरी हकीकत नागपूरची. बालपणीं पोलिओनें पाय गेलेले प्राध्यापक साईबाबा चाकांच्या खुर्चीवर असत. तेथील अंडा-कोठडींत त्यांनीं वर्षें काढलीं. शौचास जाण्यालाहि दुसऱ्यांचा आधार लागे. ५ मार्च २०२४ रोजीं उच्च न्यायालयानें त्यांना निर्दोष ठरविलें. १२ ऑक्टोबरला ते वारले.

अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालींच झाला होता. पुढें १५ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूच्या तुरुंगांस बजावलें कीं, बंदी आंत येतांच त्याचें अपंगत्व ओळखून नोंदवावें, व त्यास वापरतां येतील अशीं शौचालयें व उतरते रस्ते करावे.

आपल्यांतील कोणी हर्सूलला भेटीस गेल्यास एवढें विचारावें : अशी नोंद येथें होते काय, आणि ज्याचे हात थरथरतात त्याला पाणी कोण पाजतो?