गळ्याची गाठ आणि मेंदूचा हुकूम



शेळी व्याली. करडू मेलेलं निघालं, अंगावर केस नाहीत, गळ्याला गाठ. आपण म्हणतो, शेळीच वाईट. आणि मातीमोल विकून टाकतो. आज त्या गाठीचा हिशेब मांडू.

गळ्यात थायरॉईड ग्रंथी असते. वाढ, अंगातली ऊब, केस, दूध हे तिच्या रसावर चालतं. पण ती आपल्या मर्जीनं चालत नाही. मेंदूचा तळभाग हा मालक, त्याखालची पिच्युटरी ग्रंथी हा मुकादम आणि थायरॉईड हा सालगडी. मालक 'टीआरएच' नावाची चिठ्ठी धाडतो, मुकादम 'टीएसएच' सोडतो, मग गडी कामाला लागतो.

ही चिठ्ठी शोधायला अमेरिकेत गिलेमिन यांनी मेंढ्यांचे, तर शॅली यांनी डुकरांचे मेंदू गोळा केले. सुमारे ३ लाख मेंढ्यांमागे हाती आला अवघा १ मिलिग्रॅम! १९६९ साली रचना उलगडली, १९७७ साली दोघांना नोबेल मिळालं.

उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की थंडी पडली तर मेंदूतलं नॉरअ‍ॅड्रेनलीन चिठ्ठ्या वाढवतं. डोपामिन आणि सोमॅटोस्टॅटिन मुकादमाचा हात धरतात. उपासमारीत मेंदू चिठ्ठ्याच कमी करतो. अंगातलं सरपण पुरवून वापरायचं ना! दुष्काळात आपणही तेच करतो.

रक्तात रस पुरेसा झाला की हुकूम थांबतो. पण रस बनतो आयोडीनपासून. तेच नसेल तर रस भरत नाही, हुकूमही थांबत नाही. राबून राबून ग्रंथी फुगते. तीच ती गाठ. गड्याचा दोष नाही, त्याला माल मिळाला नाही.

आता आपल्या ज्वारीकडे या. कोवळ्या ज्वारीत, कापणीनंतर बुडख्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांत सायनाइडचं विष तयार होतं. जास्त खाल्लं तर जनावर तडकाफडकी मरतं, हे आपण जाणतोच. थोडं थोडं रोज पोटात गेलं तर शरीर त्याचं थायोसायनेट करतं, आणि ते ग्रंथीत जाणारं आयोडीन अडवतं. वाळलेल्या पक्व कडब्यात हा धोका फार कमी.

म्हणून गाभण शेळी-मेंढी धुमाऱ्यांवर सोडू नका. आयोडीन असलेलं खनिज मिश्रण डॉक्टरला विचारून, मापातच द्या. जादा आयोडीनही ग्रंथी बिघडवतं. आणि गाठीचं करडू दिसलं, तर शेळी विकण्याआधी तिच्या गव्हाणीत काय पडतं ते पाहा.