नोकरीचा अर्ज आणि यंत्राची छाननी

सुमारें १४८२ सालीं लिओनार्दो दा विंची यानें मिलानचा सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्झा याच्या पदरीं आश्रय मिळावा म्हणून एक पत्र सिद्ध केलें. त्यांत दहा कलमें होतीं. सहज वाहून नेतां येतील असे पूल, तटबंदी फोडण्याचे उपाय, तोफा इत्यादि युद्धोपयोगी विद्यांचा पाढा आधीं, आणि चित्रकलेचा उल्लेख अगदीं अखेरच्या कलमांत! ज्याच्या चित्रांनीं पुढें जगाला वेड लावलें, त्यानेंच चित्रकला मागें ठेवावी हें नवल वाटेल. परंतु त्या सत्ताधीशाची निकड युद्धाची होती, आणि ती ओळखून त्यानें लेखणी चालविली. वाचणाराला काय हवें तें आधीं, हें अर्जलेखनाचें मर्म तेव्हांपासून बदललेलें नाहीं. बदलला आहे तो पहिला वाचक.

आज पुष्कळ मोठ्या संस्थांत उमेदवाराचें माहितीपत्रक, म्हणजे रेझ्युमे, प्रथम संगणकाच्या हातीं पडतें. त्यांतील कार्यक्रम पत्रकांतील अक्षरें वेचून काढतो आणि नांव, शिक्षण, अनुभव, कौशल्यें अशा सदरांखालीं त्यांची नोंद करतो. नंतर अधिकारी विशिष्ट शब्द देऊन त्या नोंदींत शोध घेतात. कित्येक ठिकाणीं यंत्रच उमेदवारांची प्रतवारीही लावतें. यंत्र प्रत्येकाला आपणहून नापास करतें, ही समजूत खरी नव्हे. पण जें नोंदींत उतरलेंच नाहीं, तें शोधणाराला सांपडणार कसें?

एखादी बी. कॉम. झालेली मुलगी कल्पावी. चार वर्षें तिनें हिशेबाचें काम चोख केलेलें आहे. तिनें तयार नमुना घेऊन दोन रकान्यांचें मोठें देखणें पत्रक केलें. डावीकडे छायाचित्र, कौशल्यें दाखविण्यासाठीं पांचांपैकीं चार रंगविलेलीं वर्तुळें, आणि नांव व दूरध्वनि क्रमांक पानाच्या शिरोभागांतील वेगळ्या पट्टींत. यंत्र मात्र कित्येकदां ओळ सरळ आडवी वाचीत जातें. मग डाव्या रकान्यांतील पत्ता उजवीकडच्या हुद्द्याला चिकटतो. वर्तुळांचा अर्थ त्याला लागत नाहीं, आणि शिरोभागांतील क्रमांक गळून पडण्याचा संभव असतो. जिची संस्थेला खरोखर गरज होती ती मुलगी अशा रीतीनें शोधांत सांपडतच नाहीं. घरीं आई दिवसचे दिवस फोनकडे पाहत राहते, आणि अखेर सारा दोष नशिबाच्या माथीं मारला जातो.

उपाय खर्चाचा नाहीं. मजकूर एकाच रकान्यांत, वरून खालीं लिहावा. 'शिक्षण', 'अनुभव', 'कौशल्यें' असे रूढ मथळेच द्यावे. अलीकडचें काम आधीं सांगावें आणि महिना व वर्ष सर्वत्र एकाच पद्धतीनें लिहावें. पदवीचें संक्षिप्त रूप व पूर्ण नांव हीं दोन्हीं द्यावीं, कारण शोधणारा कोणता शब्द वापरील याचा नेम नसतो. कागदाचें छायाचित्र काढून तें पीडीएफ म्हणून धाडूं नये; डोळ्यांना तीं अक्षरें दिसतात, पण यंत्राच्या लेखीं तें केवळ चित्र असूं शकतें. परीक्षाही सोपी आहे. सर्व मजकूर उचलून नोटपॅडसारख्या साध्या पानावर उतरवावा. तेथें तो क्रमानें वाचतां आला, तर बहुतेक यंत्रांनाही वाचतां येईल.

मराठींत अर्ज करणारासाठीं आणखी एक सापळा आहे. जुन्या पद्धतीच्या कित्येक टंकांत पडद्यावर देवनागरी दिसली, तरी आंत सांठविलेले संकेत रोमन अक्षरांचे असतात. तो टंक नसलेल्या संगणकावर सारा मजकूर निरर्थक होतो. १९९१ सालीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीला स्थान मिळालें होतें. अर्ज त्याच पद्धतीनें टंकित करावा.

यंत्रानंतर माणूस येतो, आणि त्याच्यापुढें पत्रकांचा ढीग असतो. मोकळा समास, ठळक मथळे आणि एक-दोन पानांची मर्यादा हीं त्यालाही सुखावतात. 'हिशेबाचें काम पाहिलें' यापेक्षां 'दरमहा ३०० बिलांची नोंद ठेवली व जीएसटीचीं विवरणपत्रें भरलीं' हें वाक्य अधिक बोलकें असतें. आपल्याकडे विवाहासाठींही 'बायोडाटा' च असतो. त्यामुळें उंची, गोत्र व वडिलांचा व्यवसाय नोकरीच्या पत्रकांतही शिरतात. त्यांचें तेथें प्रयोजन नाहीं. आधार क्रमांक तर लिहूंच नये.

कोणी जाहिरातींतील शब्द पांढऱ्या शाईंत लपवून यंत्राला चकविण्याची युक्ति सुचवितात. पण मजकूर साध्या पानावर उतरतांच तें बिंग फुटतें, आणि उमेदवाराची खरी लायकीही संशयास्पद ठरते. जें येतें तेंच, पण वाचणाराच्या शब्दांत सांगावें.

त्या मुलीनें एका संध्याकाळीं आपलें पत्रक असें साधें करून लिहिलें, तर नोकरी मिळेलच असें नाहीं. पण नकार आला, तरी तो तिचें काम वाचून आलेला असेल. आणि न वाचतां आलेल्या नकारापेक्षां तो सोसणें कितीतरी सोपें असतें.