घरची भाषा, शाळेचं पुस्तक



चंदीगडमधलं मराठी घर बहुधा बदलीवर आलेलं असतं. कुणी चंडीमंदिरच्या छावणीत, कुणी पीजीआय रुग्णालयात, कुणी बँकेत. मूल शाळेत जाऊ लागलं की हिंदी आणि इंग्रजी एकदमच सुरू होतात, मागून पंजाबी येते, आणि मग घरात ठरलेलं वाक्य निघतं: ‘मराठीचं पुढं बघू, आधी शाळेतलं तरी नीट वाचू दे.’ मी इथे प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. मराठी आईवडील भेटले की हे वाक्य ऐकल्याशिवाय सुटका नाही. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. शाळेतलं नीट वाचता यावं असं वाटत असेल, तर घरी मराठीत वाचून दाखवा.

वाचन हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे, असं गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडलं. पहिली गोष्ट, छापलेली अक्षरं ओळखून शब्दाचा उच्चार जुळवता येणं. दुसरी, ते शब्द कानावर पडले तर अर्थ लागणं. गुणाकारच म्हणायचं, कारण एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असो, हाती शून्यच येतं. माझ्या वर्गातला एक मुलगा ‘सारंगी’ या हिंदीच्या पुस्तकातला धडा न अडखळता वाचायचा. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, ‘फिर क्या हुआ?’ तो म्हणाला, ‘मैम, फिर से पढ़ूँ?’ त्याची पहिली बाजू पक्की होती आणि दुसरी जवळजवळ रिकामी.

केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ला ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलं. तिसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत, असं त्यात म्हटलं आहे. त्यात ‘अर्थ समजून’ असेही शब्द आहेत. पण मोबाइलवर सेकंद मोजणाऱ्या पालकांना ते दिसत नाहीत. वेग कामाचा आहे, कारण अक्षर अक्षर लावत बसलेलं मूल वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरतं. तरी घड्याळ घेऊन वाचून घेणं ही मला शिक्षाच वाटते.

अक्षरांची बाजू मुख्यतः शाळेनं सांभाळायची. देवनागरी शिकणं वाटतं तितकं लहान काम नाही. व्यंजनं, स्वरचिन्हं, मग जोडाक्षरं. ऱ्हस्व इकार लिहायचा आधी आणि म्हणायचा मागून, हे मुलाला कितीतरी दिवस पटतच नाही. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास केला, तेव्हा सगळी अक्षरं पक्की व्हायला चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो असं दिसलं. आपली लिपीही त्याच घडणीची आहे. तेव्हा पहिलीतल्या मुलाला बाराखडी आली नाही म्हणून घाबरून जाऊ नका.

सगळी अक्षरं ओळीनं घोकून मग शब्दांकडे यायचं, ही जुनी रीत. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी ती सोडली. अमेरिकेत जन्मलेल्या, भाषाशास्त्र शिकलेल्या या बाईंनी भारताचं नागरिकत्व घेतलं, आणि त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेनं १९८६ साली कमला निंबकर बालभवन सुरू केलं. तिथली रीत अशी: थोडी अक्षरं आणि एखाददुसरं स्वरचिन्ह एकत्र घ्यायचं, म्हणजे पहिल्या काही दिवसांतच मुलाला खरे, अर्थाचे शब्द वाचता येतात. आता बालभारतीच्या पुस्तकांतही अक्षरगट दिसतात. घरी मात्र अजून ‘क कमळाचा’पासून ‘ज्ञ ज्ञानेश्वराचा’पर्यंत तक्ता भिंतीवर असतोच. असू द्या. त्यावर परीक्षा घेऊ नका, एवढंच.

चंदीगडच्या वर्गात आणखी एक गंमत असते. पंजाबी बोलणारं मूल ‘घर’ म्हणतं तेव्हा आपल्या कानाला ते ‘कर’सारखं ऐकू येतं. पंजाबीत घ, झ, ध, भ यांचा उच्चार सुरावर गेला आहे. असं मूल हिंदीच्या श्रुतलेखनात अडखळलं तर ते कच्चं नाही. त्याचा कान वेगळ्या भाषेत तयार झाला आहे. उलट आपला ‘ळ’ पंजाबी तोंडात सहज येतो, आणि हिंदीच्या पाठ्यपुस्तकात तो भेटतच नाही. शेजारच्या सरदारजींच्या मुलाला ‘बाळ’ म्हणायला सांगा, आपल्या हिंदी शाळेतल्या पोरापेक्षा चोख म्हणेल!

शाळेनं काय करावं, याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. दिल्लीच्या रस्त्यावर कुरुक्षेत्र लागतं. २०१२-१३ मध्ये हरियाणा सरकारनं ‘प्रथम’ या मुंबईत जन्मलेल्या संस्थेच्या मदतीनं कुरुक्षेत्र आणि महेंद्रगड जिल्ह्यांत एक प्रयोग केला. रोज एक तास मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवायचं. अक्षरं ओळखणारे एकीकडे, शब्द वाचणारे दुसरीकडे, गोष्ट वाचणारे तिसरीकडे. शिक्षक तेच, नेहमीचे सरकारी. पडताळणी झाली तेव्हा मुलांचं हिंदी सुधारलेलं दिसलं. यात खर्चीक असं काही नाही. चौथीतल्या मुलाला अजून अक्षरं येत नाहीत हे मोकळेपणानं मान्य करावं लागतं, आणि तेच सगळ्यात जड जातं. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२४च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २७.१ टक्के होती. ती पाहणी खेड्यांची आहे, चंदीगडची नाही. पण आमच्या वर्गांतही तीन-तीन पातळ्यांची मुलं एकाच बाकावर बसलेली असतात.

आता घराकडे वळू. अर्थाची बाजू घरी तयार होते, आणि ती मुलाच्या सगळ्यात ओळखीच्या भाषेत सगळ्यात चांगली होते. गोष्टीत पुढं काय होईल याचा अंदाज बांधणं, पात्र रागावलं का हे ओळखणं, न लिहिलेलं समजून घेणं, हे एका भाषेत जमलं की दुसरीत पुन्हा शून्यापासून शिकावं लागत नाही. शिवाय हिंदीही देवनागरीतच असल्यामुळे इथल्या मराठी मुलाला लिपी शाळेतच मिळते, तीही फुकट. पण उच्चार सगळा लिपीत येत नाही. ‘चाक’ आणि ‘चिमणी’ यांतला च लिहायला एकच, म्हणायला निराळा. छापील पानावर हे कुठंच दिसत नाही. ज्या मुलानं घरी मराठी ऐकलं आहे ते दोन्ही शब्द बरोबर वाचतं. ज्यानं ऐकलं नाही ते ‘चाक’ हिंदीसारखं वाचतं आणि अर्थ न लागून थबकतं.

पुस्तकं इथं मिळत नाहीत, ही तक्रार आता चालायची नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मुलांच्या गोष्टी मोफत आहेत, पातळीप्रमाणे लावलेल्या. बऱ्याचशा गोष्टी मराठी, हिंदी, पंजाबी आणि इंग्रजीतही सापडतात. एखादी गोष्ट आधी मराठीत वाचून दाखवा, दोन दिवसांनी तीच मुलाला हिंदीत वाचू द्या. गोष्ट ओळखीची असल्यामुळे ते अक्षरांशी झुंजायला मोकळं असतं. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर आहेत. ते जरा मोठ्या मुलांसाठी. छापील पुस्तक हवं असेल तर पुण्याहून येताना माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ आणा. चिवड्याच्या पिशवीशेजारी ते सहज मावेल.

वाचून दाखवताना ओळीखाली बोट फिरवा. मधेच थांबा, ‘आता काय होईल?’ विचारा आणि उत्तराची वाट पाहा. आपल्याला गप्प बसवत नाही, हीच खरी अडचण! मूल स्वतः वाचत असेल आणि चुकलं, तर वाक्य पूर्ण होऊ द्या. अर्थ बिघडला की पुष्कळदा ते आपणहून मागं वळतं. प्रत्येक शब्दाला टोकलं तर ते पानाऐवजी तुमच्या तोंडाकडे बघून वाचायला लागतं. एकाच पानावर पाच-सहा शब्द अडले तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचा, त्याला सोपं द्या. आणि तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तर कुरकुर करू नका. पाठ झालेल्या गोष्टीवर बोट फिरवतच कितीतरी मुलं वाचायला लागतात.

शेवटी दोन शब्द महाराष्ट्रातल्या आजी-आजोबांना. व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का, थंडी आहे का’ विचारून झालं की एक गोष्ट वाचून दाखवा. आणि महिन्यातून एकदा नातवंडांना पोस्टकार्ड पाठवा. ठळक, सुटी अक्षरं, चार-पाच ओळी, त्यात घरचीच बातमी: मांजरीला पिल्लं झाली, फणसाला फळ धरलं. भरपूर ‘ळ’ येऊ द्या. उत्तर हिंदी वळणाचं आलं तरी लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवू नका, उलटटपाली दुसरं पत्र टाका. चंदीगडचा पिनकोड १६० पासून सुरू होतो.