पत्ता एक, वाटा दोन



नुसतं ‘वडगावला जायचंय’ म्हटलं, तर पुण्याचा रिक्षावाला विचारणारच: वडगाव शेरी, की वडगाव बुद्रुक? हाच पेच संगणकापुढेही येतो.

समजा, लॅपटॉपला केबल लावलेली आहे आणि वायफायही चालू आहे. म्हणजे बाहेर पडायला दोन इंटरफेस झाले. आयपीव्ही-६ या इंटरनेट पत्त्यांच्या पद्धतीत यांतल्या प्रत्येकाला एक लिंक-लोकल पत्ता असतोच. त्याची सुरुवात ‘एफई८०’ अशी होते. तो चालतो फक्त त्या एका जोडणीपुरता; राउटर त्याला पलीकडे जाऊ देत नाही. त्यामुळे केबलकडचं एक यंत्र आणि वायफायकडचं दुसरं यंत्र यांचा पत्ता तंतोतंत सारखा निघाला, तरी तो नियमात बसतो. एरवी वाट ठरवायला रूटिंग टेबल असतं. इथे मात्र दोन्ही इंटरफेसपुढे ‘एफई८०’चीच नोंद! टेबल तरी काय सांगणार?

यावरचा तोडगा २००५ सालच्या ‘आरएफसी ४००७’ या इंटरनेटच्या मानकात आहे. पत्त्यापुढे टक्क्याचं चिन्ह द्यायचं आणि त्यापुढे झोन, म्हणजे पत्ता कुठल्या जोडणीवरचा ते, लिहायचं. लिनक्सवर तिथे इंटरफेसचं नाव येतं, जसं ‘ईटीएच०’. विंडोजवर आकडा येतो.

गंमत अशी, की हा झोन पॅकेटमधून जातच नाही. तो त्या यंत्राचा घरगुती हिशेब. माझ्याकडचा बारा क्रमांक वायफायचा असेल, तुमच्याकडे तोच केबलचा असेल, किंवा नसेलही.

प्रोग्राम लिहिणारे बहुधा इथेच अडखळतात. पत्ता १२८ बिटांचा म्हणून तेवढाच साठवतात आणि झोन वाटेत गळतो. मग लिनक्स ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून जोडणी नाकारतं, आणि पत्ता तर बरोबर दिसतोय म्हणून माणूस डोकं खाजवत बसतो.

लिंक-लोकलसारखेच मर्यादित हद्दीचे, पण सबंध संस्थेपुरते ‘साइट-लोकल’ पत्तेही पूर्वी होते. पण संस्थेची हद्द नेमकी कुठे संपते, हेच धड ठरेना. शेवटी २००४ साली ते मोडीत काढले.

लिंक-लोकल पत्ते मात्र आजही आहेत. तेव्हा प्रोग्राममध्ये पत्ता आणि झोन यांची ताटातूट करू नका. झोन नसेल, तर अंदाजाने एखादा इंटरफेस निवडू नका, वापरणाऱ्याला विचारा. आणि झोन जोडलेला पत्ता दुसऱ्या यंत्राला देऊ नका. तिथला झोन तिथेच ठरायला हवा.