धावा

आज एकाच शब्दापाशी थांबायचं आहे. शब्द आहे 'धावा'. नातवाला विचाराल तर तो म्हणेल, "आजोबा, किती झाल्या?" त्याच्या धावा क्रिकेटच्या. आपला धावा वेगळा.

घाई, निकड, तातडी हे शब्द आपण रोज वापरतो. घाई बहुधा मनाची असते; दर्शनबारीत उभं राहिलं की तिला ऊत येतो. निकड गरजेची, पेरणी तोंडावर आली आणि घरात बियाणं नाही, ती निकड. तातडी कामाची, कागद आजच कचेरीत पोचला पाहिजे, ती तातडी. या तिन्हींत माणसाच्या हातात काहीतरी उरलेलं असतं. हातातलं सगळं सुटलं की तोंडातून निघतो तो धावा.

आणि गंमत बघा, ऐकायला ही आज्ञा आहे. तू धाव, तुम्ही धावा. विहिरीत लेकरू पडलं तर आई काय ओरडते? "धावा हो, धावा!" तीच हाक देवाला मारली की म्हणायचं, देवाचा धावा केला. एरवी आपण देवाला 'कृपा करावी' म्हणतो. धाव्यात तेवढी सवड नसते.

भागवताच्या आठव्या स्कंधात गजेंद्राची कथा आहे. नक्रानं पाय धरला. हजार वर्षं गजेंद्र झुंजला. ताकद होती तोवर हाक नव्हती. ताकद संपली, तेव्हा सोंडेत कमळ वर धरून त्यानं भगवंताला हाक मारली. भगवंत गरुडावरून निघाले आणि त्याची दशा पाहून गरुडावरून खाली उतरले. आम्ही कीर्तनकार सांगतो, त्यांना गरुडाचाही वेग कमी वाटला!

आता माझी एक चूक सांगतो. एका गावी सप्ताह होता. मी द्रौपदीचा धावा लावला होता. टाळकरी रंगात, आयाबायांचे पदर डोळ्यांना. तेवढ्यात मागच्या आळीतून आवाज आला, "धावा हो, धावा!" मला ऐकू आला, बरं का. मला वाटलं, ऐकता ऐकता एखादी माउली भरून आली. मी आणखी वरची पट्टी धरली.

तिकडं गोठा पेटला होता. धावला कोण? पंगतीचा भात शिजवणारा आचारी. पातेलं तसंच टाकून गेला, दावी कापली, दोन बैल बाहेर काढले. मागून आम्ही सगळे पोचलो. गाय मात्र गेली.

रात्री तो वाढायला आला, हाताला फडकं गुंडाळलेलं. मी विचारलं, "कीर्तन ऐकलंस का रे?" म्हणाला, "नाही महाराज, भातापाशी होतो."

तासभर मी धावा गात होतो, आणि खरा धावा आला तो मला ओळखता आला नाही. ती गाय अजून डोळ्यांपुढं येते.

वारीत वेळापूरच्या अलीकडं उतार लागतो. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. म्हणून माउलींच्या सोहळ्यात आपण तो उतार धावत उतरतो. त्यालाही नाव काय? धावा! हाक मारली तीही धावा, आणि धावत निघालो तोही धावा. ज्यानं देवाला 'धावा' म्हणायचं, त्यानं दुसऱ्याची हाक आली की आपले पाय तयार ठेवायचे.

यंदा त्या उतारावर पुढचा कुणी पडला, कुणाला धाप लागली, तर त्याला ओलांडून जाऊ नका. सावलीत बसवा, गर्दी हटवा, १०८ नंबर फिरवा. जपमाळेचे मणीही तेवढेच, विसरायचं कारण नाही. तुमचं धावणं तिथं थोडं थांबेल. थांबू द्या. कळस कुठं जात नाही.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!