एक ड्रॅगन आणि पस्तीस एल्फ

मारुंजीतून बोलतेय. खिडक्या बंद करून बसलेय, कारण समोरच्या प्लॉटवर काँक्रीट मिक्सर चालू आहे आणि तो रविवार पाळत नाही. हे शब्दांकन वाचणाऱ्यांना ती घरघर ऐकू येणार नाही, तेवढा तुमचा फायदा.

गेल्या भागानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा: मॅजिक द गॅदरिंगमध्ये एकाच जमातीच्या क्रीचरचा डेक बांधायचा असेल, तर सुरुवात कुठून करायची? गॉब्लिन, एल्फ, झॉम्बी, मरफोक, काहीही घ्या. ज्यांनी हा खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने बनवलेला हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली आला. प्रत्येकाने आपला कमीत कमी ६० पानांचा डेक घरून बांधून आणायचा, त्यात साध्या जमिनी सोडल्या तर एका नावाची चारच पानं चालतात. जमिनी आडव्या करून मॅना काढायचा, मॅना देऊन क्रीचर उतरवायचे आणि समोरच्याचे २० प्राण संपवायचे. बाकी खेळता खेळता कळतं.

आता मुद्द्यावर येते. नवा माणूस डेक बांधतो तेव्हा एकेक पान हातात घेऊन विचारतो, "हे चांगलं आहे का?" हा प्रश्नच अपुरा आहे. तुम्ही सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहिली असेल. खेळली नसली तरी शोभेची म्हणून कुणाच्या तरी घरी चौकटीत लावलेली पाहिली असेल. गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं, एकूण १२०. राजा आणि प्रधान सगळ्या रंगांत वरच. त्याखाली मात्र अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि एक्का तळाला, उरलेल्या अर्ध्यांत बरोबर उलटं. दिवसा डाव मांडला तर रामाच्या राजाला मान, रात्री मांडला तर कृष्णाच्या. म्हणजे नुसता "एक्का भारी की हलका" असं विचारलंत तर गंजिफावाला तुम्हालाच विचारेल, "कुठल्या रंगाचा?" आपल्या मेंढीकोटातही दश्शीला जो भाव आहे तो बदाम सातमध्ये नाही. पानाची किंमत पानावर छापलेली नसते. ती शेजारच्या पानांवरून ठरते.

जमातीचा डेक म्हणजे हीच गोष्ट टोकाला नेलेली. आणि ती पहिल्या दिवसापासून या खेळात आहे. १९९३च्या पहिल्याच संचात 'लॉर्ड ऑफ अटलांटिस' नावाचं पान होतं, मरफोक म्हणजे जलमानवांना +१/+१ देणारं. गंमत अशी, की त्या संचात मरफोक एकाच नावाचा होता, 'मरफोक ऑफ द पर्ल ट्रायडंट'. राजा आला, प्रजा यायची होती! त्या वेळी या पानावर जात म्हणून 'लॉर्ड' एवढंच छापलेलं, तो स्वतः मरफोक धरलाच जात नव्हता. आजही असं बळ देणाऱ्या पानांना खेळाडू लॉर्ड म्हणतात ते तिथूनच. पुढे १९९७ साली स्लिव्हर आले, एकाला पंख फुटले की सगळ्यांना फुटणारे. मग २००२चा ऑन्सलॉट आणि २००७चा लॉरविन हे संच तर जमातींवरच उभे होते. २००८ साली बर्लिनच्या प्रो टूरमध्ये लुईस स्कॉट-व्हार्गास एल्फांचा डेक घेऊन जिंकला. एकेकटे पाहिले तर फुंकरीने उडतील असे एल्फ. आज मी एल्फच घेणार आहे, कारण आमच्या टेबलावर सध्या त्यांचाच विषय चालू आहे.

आमचं टेबल म्हणजे सोसायटीच्या क्लबहाऊसमधलं कॅरमच्या शेजारचं. आम्ही सहा जण. पाच आयटीवाले आणि एक नववीतला मुलगा, शेजारच्या विंगमधला. पुण्यात जाऊन खेळायचं म्हणजे लक्ष्मी चौकातच निम्मा उत्साह संपतो, म्हणून इथेच सुरू केलं. या मुलाने खाऊच्या पैशांतून पाकिटं घेतली. पहिल्याच पाकिटात 'शिवन ड्रॅगन' निघाला. पाच बाय पाच, उडणारा, लाल मॅना ओतत गेलं की आणखी वाढणारा. मग त्याने असेच मोठे मोठे वीस क्रीचर जमवले, कुणी लाल, कुणी काळा, कुणी पांढरा. म्हणजे पाच सिनेमांतले पाच हिरो एका सिनेमात. सहाव्या पाळीत ड्रॅगन यायचा, तोवर हा पाचव्या पाळीतच संपलेला असायचा. सलग सात रविवार हरला. सातव्या रविवारी पानं आवरता आवरता म्हणाला, "ताई, बाबा म्हणतात दहावी येतेय, हे बंद कर. मला वाटतं बरोबर आहे त्यांचं." दहावीचं बाबांचं म्हणणं मला मान्य आहे. पण तो दहावीसाठी सोडत नव्हता, हरतोय म्हणून सोडत होता, आणि नववीतल्या मुलाला हा फरक स्वतःलाही सांगता येत नाही.

पैसे घालून हे सुटलं नसतं. एल्फांच्या जगात 'गेआज क्रेडल' नावाची एक जमीन आहे, तिच्या किमतीत बऱ्यापैकी फोन येतो. तिचा विषयच सोडा. आम्ही सगळ्यांनी आपापले उरलेले कॉमन, म्हणजे पाकिटात ढिगाने निघणारी पानं, चपलेच्या खोक्यात टाकलेली असतात. काही एल्फ त्यातून निघाले, काही मी मागवले. नुसत्या कॉमन पानांनी खेळायचा 'पॉपर' नावाचा प्रकार रीतसर आहे, त्यातलाच हा डेक.

आता लिहून घ्या. एक मॅनाचे तीन एल्फ: लानोवार एल्व्ज, फिन्डहॉर्न एल्व्ज, एल्विश मिस्टिक. तिघांचं काम तंतोतंत एकच, आडवा करा आणि एक हिरवा मॅना घ्या. नावं वेगळी, म्हणून प्रत्येकी चार चालतात. चारची मर्यादा अशी बाराची होते. याचा हिशेब पाहा. ६० पानांत एखादं पान चार वेळा असेल, तर सुरुवातीच्या सात पानांत ते निदान एकदा येण्याची शक्यता साधारण ४० टक्के. आठ असतील तर ६५. बारा असतील तर ८१. जमातीचा डेक चालतो तो यावर, नशिबावर नाही.

मग मोजणारे एल्फ. 'प्रीस्टेस' म्हणू नका, पानाचं नाव 'प्रीस्ट ऑफ टायटेनिया' आहे. मैदानात जितके एल्फ, तितका मॅना देते. (समोरच्याचेही एल्फ मोजते बरं का, हे लोक विसरतात.) पहिल्या पाळीत लानोवार. दुसऱ्या पाळीत दोन जमिनी आणि लानोवार मिळून तीन मॅना, त्यात प्रीस्ट आणि आणखी एक मॅनाचा एल्फ. तिसऱ्या पाळीत तीन जमिनींचे तीन, दोन एल्फांचे दोन, प्रीस्टचे तीन. आठ मॅना! समोरचा तिसऱ्या पाळीत तीनच घेऊन बसलाय. 'क्विरियन रेंजर' असेल तर एक जंगल हातात परत घेऊन प्रीस्ट पुन्हा उभी करता येते, मग तर विचारूच नका. 'टिंबरवॉच एल्फ' हीच मोजणी ताकदीत करतो, एका क्रीचरला एल्फांच्या संख्येइतकं बळ. 'लिस अलाना हंट्समास्टर' प्रत्येक नव्या एल्फामागे एक टोकन एल्फ फुकट देतो. 'नेटल सेंटिनेल' आणि 'बर्चलोर रेंजर्स' प्रत्येकी चार. हंट्समास्टर तीन. बाकी रेंजर, प्रीस्ट, टिंबरवॉच चार चार. झाले पस्तीस एल्फ. १६ जंगलं.

उरली आठ पानं, आणि माझ्या मते डेकचा जीव त्यांच्यात आहे. चार 'वाइंडिंग वे', चार 'लीड द स्टँपीड'. स्टँपीड तीन मॅनाचं. वरची पाच पानं पाहायची आणि त्यातले सगळे क्रीचर हातात घ्यायचे. ६० पैकी ३६ क्रीचर असतील तर सरासरी तीन पानं हाती येतात. त्या मुलाच्या जुन्या डेकमध्ये वीस क्रीचर होते, तिथे हेच पान दीडेक पान देऊन गेलं असतं. तेच पान, तीच किंमत. म्हणून जमातीबाहेरचं "पण हे पण छान आहे" असं पान घालायची हौस आली, की आधी हे गणित करा. आणि उलटही सांगते, एल्फ आहे म्हणून प्रत्येक एल्फ घ्यायचा नाही. गाववाला आहे म्हणून कुणाला ढोलपथकात ताशा देतात का?

या डेकचं दुखणंही तेवढंच मोठं. एका माळेचे मणी, धागा तुटला की जमिनीवर. 'इलेक्ट्रिकरी' नावाचं लाल पान आहे, तीन मॅना दिले तर तुमच्या प्रत्येक क्रीचरला एक जखम. पस्तीसपैकी चोवीस एल्फ एका जखमेत मरतात. टिंबरवॉच, सेंटिनेल आणि हंट्समास्टर तेवढे वाचतात. नव्या डेकच्या पहिल्याच रविवारी आमच्या एका सिनियरने हेच पान टाकलं आणि पोराचे सहा एल्फ एका झटक्यात गेले. मला त्या सिनियरचा राग आला, खरं सांगते. पण तो शांतपणे म्हणाला, "हातात एकही ठेवला नव्हतास." बरोबर होतं. मैदानात चार-पाच एल्फ असतील आणि समोर लाल किंवा काळा डेक असेल, तर दोन एल्फ आणि एक स्टँपीड हातात दाबून ठेवायचं. मोह होतो, कारण प्रत्येक नवा एल्फ बाकी सगळ्यांना मोठं करतो. तरी ठेवायचं.

पुढच्या रविवारी त्याने ठेवले. दोन डाव जिंकला, एक हरला. तेव्हापासून येतोय. बाबांशी ठरलंय, फक्त रविवारी, चार ते सहा.

पस्तीस, आठ आणि सोळा मिळून एकोणसाठ होतात हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांना शाबासकी. साठावं पान शिवन ड्रॅगन. पॉपरमध्ये तो बसत नाही, पण आमच्या टेबलावर एका पानाची सूट आहे. मी म्हटलं, तिथे चौथा हंट्समास्टर घाल. तो म्हणाला, "नाही ताई." डेकमध्ये एकही लाल जमीन नाही, मग दोन लाल मॅना कुठून आणणार, असं मी विचारलं. त्याने बर्चलोर रेंजर्सचं पान माझ्यासमोर सरकवलं. दोन उभे एल्फ आडवे करा आणि कुठल्याही रंगाचा एक मॅना घ्या. नुकतेच उतरलेले एल्फही चालतात. म्हणजे चार एल्फ आडवे, दोन लाल, उरलेले चार प्रीस्टकडून. मी ते पान वीस वेळा तरी खेळले असेन, पण ड्रॅगनसाठी कधी वाचलं नव्हतं. परवा पाचव्या पाळीत त्याने तो उतरवला. तरीही माझं मत चौथ्या हंट्समास्टरलाच आहे, आणि तुम्ही डेक बांधाल तेव्हा तोच घाला.

पुढच्या वेळी साइडबोर्डबद्दल बोलू, विशेषतः त्या इलेक्ट्रिकरीचं काय करायचं यावर. मिक्सर थांबलाय, तेवढ्यात बंद करते.